मंगळवारी बंद

मी एक जुना नकाशा आहे. देशाचा नाही, जगाचा तर नाहीच नाही. इस्कंदरिया शहरात शात्बीच्या किनाऱ्यावर एक मोठे मत्स्यालय आहे, त्याचा मी चार घड्यांचा नकाशा. आत्मवृत्त सांगताना आपली थोरवी सांगायची रीत असते. मित्रांनो, माझ्यापाशी थोरवी थोडी आहे आणि लाज पुष्कळ. तरी ऐका.

माझा जन्म त्याच शहरातल्या एका छापखान्यात झाला. यंत्रातून बाहेर पडलो तेव्हा निळी शाई ओली होती. माझ्या एका बाजूला मत्स्यालयाची सगळी दालने होती, बाणांनी वाट दाखवलेली होती, बेचाळीस टाक्यांचे बेचाळीस आकडे होते, आणि कोपऱ्यात एक देखणा समुद्रघोडा होता. दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत छापले होते : ‘रोज सकाळी नऊ ते पाच. आठवड्याचे सातही दिवस उघडे.’

आम्हा भावंडांचे गठ्ठे तिकीट खिडकीत रचले गेले. लोक आम्हाला उघडून बघत आणि म्हणत, “वा, काय सुबक काम आहे!” मला ते फार आवडे.

मग एके दिवशी नियम बदलला. टाक्या धुवायला एक दिवस हवा, म्हणून मंगळवारी मत्स्यालय बंद ठेवायचे ठरले. नवे नकाशे छापण्याऐवजी खिडकीतला कारकून एक लाकडी शिक्का घेऊन बसला आणि एकेका नकाशावर ‘मंगळवारी बंद’ असे उमटवू लागला. शिक्क्याची शाई जांभळी आणि घाणेरडी होती. माझ्या भावंडांचे चेहरे बघता बघता डागाळले. मी मात्र त्याच्या चहाच्या ग्लासाखाली होतो. ग्लास उचलला गेला तोवर शिक्का खणात गेला होता.

मी सुटलो. आणि खरे सांगतो, मला आनंद झाला. चूक अंगावर राहिली तरी चालेल, डाग नको, असे मला वाटले.

थोड्याच दिवसांनी कॉलेजातली एक मुलगी खिडकीशी आली. तिचे नाव इन्शिराह. कारकुनाने तिला मला दिले. त्या दिवशी रविवार होता, त्यामुळे काहीच बिघडले नाही. तिने मला हातात धरून एकही टाकी चुकवली नाही. जाताना तिने मला प्राणिशास्त्राच्या पुस्तकात जपून ठेवले. त्या पुस्तकात मी नऊ वर्षे राहिलो.

नऊ वर्षांनी इन्शिराह ‘इन्शिराहबाई’ झाली होती. बुरुल्लुस सरोवराजवळच्या एका लहान गावात ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. त्या गावात ज्याच्या त्याच्या दारात माशांचे तळे. पण तळ्यात मासा एकच, बुल्ती. एकदा माशांच्या कल्ल्यांचा धडा चालला होता. बाईंनी विचारले, “बुल्ती, बोय आणि वाम सोडून चौथा मासा जिवंत कुणी पाहिलाय? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. मग मागच्या बाकावरून बदरिया म्हणाली, “बाई, आमच्याकडे आहे ना, उभट, तोंडाशी लांब.”

“काय गं?”

“माझी आत्या.”

वर्ग हसून लोळला. बाईही हसल्या. पण त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ते जुने पुस्तक काढले, मला बाहेर घेतले आणि टेबलावर सपाट केले. “मुलींना न्यायचंच,” त्या स्वतःशी म्हणाल्या.

मित्रांनो, त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मानाचे दिवस होते. बाई मला रोज वर्गात नेत. मुलींनी खाकी कागद जोडून माझी भिंतीएवढी नक्कल काढली. एकवीस मुली होत्या. प्रत्येकीला दोन टाक्या वाटून दिल्या. तिने त्या माशांची माहिती पुस्तकातून काढायची आणि तिथे गेल्यावर टाकीपुढे उभे राहून बाकीच्यांना सांगायची. बदरियाच्या दोन टाक्यांत एक सतरा नंबर होता, समुद्रघोड्याचा. तिने मला इतक्या वेळा बघितले, की माझ्या कोपऱ्यातला तो घोडा तिच्या बोटांनी फिकट झाला.

बससाठी दोन वार मोकळे होते, मंगळवार आणि गुरुवार. बस अम्म शल्बीची. अम्म म्हणजे काका. सारे गाव त्याला तसेच हाक मारी. तो म्हणाला, “गुरुवारी शहरात मरणाची गर्दी असते, बाई. मंगळवार बरा. पण एकदा विचारून घ्या. डाकघरात फोन आहे, दोन मिनिटांचं काम.”

बाईंनी मला उलटे करून त्याच्यापुढे धरले. “विचारायचं काय त्यात? हे बघा. सातही दिवस. छापलेलं आहे.”

“छापलेलं आहे म्हटल्यावर झालंच,” अम्म शल्बी म्हणाला. त्याला वाचता येत नव्हते. त्याने मोठ्या आदराने माझ्याकडे पाहिले.

त्या क्षणी मला सगळे आठवत होते, तो कारकून, तो शिक्का, तो ग्लास. पण कागदाला तोंड नसते, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली. आणि खरे म्हणजे तो आदर मला सोडवत नव्हता.

पालकांना राजी करणे सोपे नव्हते. सगळ्यात कठीण माणूस बदरियाचा बाप मुतवल्ली, हजयात्रा करून आलेला म्हणून हज्ज मुतवल्ली. बाई त्याच्या तळ्यावर गेल्या तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा राहून खाद्य टाकत होता. मी बाईंच्या पर्समध्ये होतो, सगळे ऐकत होतो.

“मासे बघायला इस्कंदरिया?” तो म्हणाला. “बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण हिशेब चुकला तुमचा. चाळीस हजार मासे आहेत इथं. रोज बघतोय आम्ही. आता तेही आम्हाला ओळखायला लागलेत.”

“हज्ज, तुमचे सगळे मासे एकाच तोंडवळ्याचे.”

“घरंदाज आहेत म्हणून!” तो स्वतःच्याच विनोदावर खदखदला. मग गंभीर झाला. “खरं सांगू का? पोरगी गावाच्या बाहेर एकटी कधी गेली नाही. तिची आई नको म्हणते. मीही नकोच म्हणतो.”

“मी आहे ना बरोबर. शाळेची शिपाईण उम्म मुर्सी आहे. सकाळी जायचं, मासे बघायचे, संध्याकाळच्या नमाजाच्या आत परत. हा माझा शब्द.”

हज्ज मुतवल्लीने पाण्याबाहेर येऊन हात पुसले. “तुमच्या शब्दावर पाठवतो,” तो म्हणाला. “मत्स्यालय कुणी बघितलंय? तुमचा शब्द मात्र बघितलाय आम्ही.”

अशा एकवीस घरी एकवीस वेळा बाईंनी शब्द दिला. आणि तो प्रत्येक शब्द माझ्या एका खोट्या ओळीवर उभा होता.

मंगळवार उजाडला. मुलींनी ठेवणीतले कपडे घातले होते. डब्यांत पाव, पांढरे चीज, उकडलेली अंडी होती. उम्म मुर्सीने खारवलेला फसीख मासा आणला होता आणि त्याच्या वासाने बसभर हाहाकार उडाला.

“आजी, मासे बघायला चाललोय, आणि तू मासेच खातेस?”

“बघायचे ते बघायचे, खायचे ते खायचे. दोन्हीत गफलत केली की माणूस उपाशी मरतो,” ती म्हणाली.

वाटेत टाळ्या वाजल्या, गाणी झाली. समुद्र दिसला तेव्हा सगळ्या मुली एका बाजूच्या खिडक्यांना चिकटल्या. त्यांनी सरोवर पाहिले होते, पण एवढे पाणी पाहिले नव्हते.

बस मत्स्यालयासमोर थांबली. फाटकाला साखळी होती. आत दिवे नव्हते. एक पहारेकरी खुर्चीवर बसून चहा पीत होता. बाई पुढे गेल्या. त्यांच्यामागे, दोनच पावलांवर, बदरिया होती. बाईंचे तिकडे लक्ष नव्हते.

“आज मंगळवार,” पहारेकरी म्हणाला. “मंगळवारी बंद.”

“असं कसं? हे बघा.” बाईंनी मला उघडून त्याच्यापुढे धरले.

त्याने चष्मा लावून मला वाचले आणि तो हसला. हसण्यात दुष्टपणा नव्हता, पण मला ते अजून ऐकू येते. “हा कुठून आणलात? नऊ वर्षं झाली मंगळवार बंद होऊन. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. आता मला तीन मुलं आहेत. एक फोन करायचा होता, बाईसाहेब.”

“लांबून आलोय हो. मुली आहेत. थोडा वेळ तरी…”

“किल्ल्या साहेबांकडे. टाक्या उपसल्यात. उद्या या ना.”

उद्या कसे येणार? मी बाईंच्या हातांत तसाच उघडा होतो. मला वाटले, वाऱ्याने मला उचलून समोरच्या समुद्रात टाकावे.

उम्म मुर्सी पुढे आली. तिने सगळे ओळखले. ती हळूच म्हणाली, “बाई, ऐका माझं. सांगा, आत पाइप फुटलाय, आजच अचानक बंद केलं. कोण येतंय तपासायला? नाहीतर गाव तुम्हाला जगू द्यायचं नाही. मुलींना पुन्हा कुणी दाराबाहेर सोडायचं नाही.”

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग त्या बसकडे वळल्या. “मुलींनो, आत पाइप फुटलाय. आज अचानक बंद करावं लागलं त्यांना. आपलं नशीब नाही.”

एकवीस तोंडे पडली. कुणी तक्रार केली नाही, याचेच जास्त वाईट वाटत होते. किनाऱ्यावरच्या कठड्यावर बसून मुलींनी डबे खाल्ले. बदरियाने सतरा नंबरच्या टाकीची माहिती चार कागदांवर लिहून आणली होती. ते कागद तिने चौपट करून मोज्यात खोचले. ती बाईंकडे एकदाच बघून समुद्राकडे वळली.

गावात पाइपची गोष्ट सहज पटली. हज्ज मुतवल्ली तर बाईंचीच समजूत घालायला शाळेत आला. “पाण्याचं काम असंच असतं, बाई. माझा बांध फुटतो तेव्हा मी कुणाला सांगून फोडतो का? जिवाला लावून घेऊ नका.” त्याने येताना टोपलीभर बुल्ती आणले होते. बाईंना ते घ्यावे लागले. घरी त्यांनी ते शिजवले नाहीत, शेजारी देऊन टाकले. मला त्यांनी फाडले नाही की फेकले नाही. टेबलावर पालथे घालून ठेवले. मी तोंड लाकडाला लावून पडून राहिलो. माझी जागा तीच होती.

पंधरा दिवसांनी अरबीच्या बाईंनी सगळ्या वर्गाला निबंध दिला, ‘आमची सहल’. तपासायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी विज्ञानाच्या वर्गातल्या वह्या इन्शिराहबाईंना दिल्या. माझ्या शेजारीच ती चळत आली. बाई एकेक वही वाचत होत्या. बदरियाची वही आली आणि त्या थांबल्या. मग त्यांनी मोठ्याने वाचले, जणू कानांनी ऐकल्याशिवाय विश्वास बसत नव्हता :

‘आम्ही पोचलो तेव्हा पाइप फुटून पाणी दारापर्यंत आले होते. पहारेकरी चिंब भिजला होता. तो आमच्या बाईंना म्हणाला, तुम्ही काल आला असता तर सगळे दिसले असते. यात आमच्या बाईंची काही चूक नव्हती.’

मित्रांनो, पहारेकरी कोरडा ठणठणीत होता. हे मला माहीत होते, बाईंना माहीत होते, आणि दोन पावलांवर उभ्या राहून सगळे ऐकलेल्या बदरियाला माहीत होते. ती बारा वर्षांची मुलगी बाईंसाठी खोटे बोलत होती, आणि फार चांगले बोलत होती. बाईंनी वही मिटली. माझ्या पाठीवर दोन थेंब पडले. शाई पसरली नाही. तेवढ्यापुरता तरी मी उपयोगी पडलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी बदरियाला थांबवले.

“तू फाटकापाशी ऐकलं होतंस?”

“हो, बाई.”

“मग असं का लिहिलंस?”

“तुम्ही तसं सांगितलंत ना सगळ्यांना. मग मी वेगळं लिहिलं असतं तर तुम्ही खोट्या पडल्या असता.”

“मी खोटीच आहे, बदरिया,” बाई म्हणाल्या. “चूक फोन न करण्याची होती. ती लहान होती. पाइप मी फोडला, आणि तो तुझ्या वहीपर्यंत आला. चल, तुझ्या बाबांकडे जाऊ.”

“नको ना, बाई. बाबा पुन्हा कधी पाठवणार नाहीत.”

“नाही पाठवणार कदाचित.”

तळ्यावर हज्ज मुतवल्ली जाळे सांधत बसला होता. बाईंनी मला पर्समधून काढून त्याच्या हातात दिले आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले. मंगळवार, फोन, पहारेकरी, पाइप. एक शब्द गाळला नाही. “बदरियाला खरं ठाऊक होतं. ती माझी लाज राखायला गप्प बसली. तिला रागावू नका. मला काय बोलायचं ते बोला.”

त्याने जाळे बाजूला सारले. मग म्हणाला, “मी तुम्हाला मासे आणून दिले.”

“हो.”

“तुमची समजूत घातली. या तोंडाने.”

“हो, हज्ज.”

“मत्स्यालय बंद होतं, त्याचं मला काही नाही. गाढवही वाट चुकतं. पण माझ्या घरात, माझ्या ताटाशी बसून पोरगी पंधरा दिवस खोटं गिळत होती, आणि ते तुमच्याकडून शिकून आली.” त्याने मला परत दिले. “आता तुमच्या शब्दावर मी माझं मांजरसुद्धा पाठवणार नाही.”

बाईंनी मला पर्समध्ये ठेवले. तिथून त्या उरलेल्या वीस घरी गेल्या. कुणी पाणी दिले, कुणी दारातूनच बोलले. एका आजीने, “अगं, मग झालं काय एवढं?” म्हणून त्यांना मिठी मारली, आणि बाईंना शिव्यांपेक्षा तेच सोसायला जड गेले. मुख्याध्यापिकांनी त्या वर्षाच्या सहली बंद केल्या. वर्गाच्या भिंतीवरची माझी ती मोठी नक्कल उतरवली गेली.

पुढच्या वसंतात बाईंनी डाकघरातून फोन केला. एकदा नाही, तीनदा, तीन वेगळ्या दिवशी. उत्तर कागदावर लिहून त्या पुन्हा घरोघर गेल्या. हज्ज मुतवल्लीने ऐकून घेतले, पण हो म्हटले नाही.

मग एका शुक्रवारी सकाळी तो बाईंच्या दारात उभा राहिला. अंगाला अजून प्रवासाची धूळ होती.

“काल माझी माशांची गाडी इस्कंदरियाच्या बाजारात गेली होती,” तो म्हणाला. “मीही बसलो गाडीत. माल उतरवला आणि गेलो तुमच्या त्या मत्स्यालयात. गुरुवारी उघडं असतं. तिकीट काढून आत गेलो, सगळं फिरलो. तुमच्या फोनवर माझा विश्वास नव्हता, म्हणून.”

“बरं केलंत,” बाई म्हणाल्या.

“सतरा नंबरपुढं अर्धा तास उभा होतो. एवढासा जीव, बाई, शेपटीनं गवताला धरून उभा. मागून एक माणूस म्हणाला, काका, सरका पुढं. मी म्हटलं, थांब रे, माझ्या मुलीनं यावर चार पानं लिहिलीत, मला एक ओळ तरी कळू दे.” त्याने पायांची धूळ उंबऱ्यावर झटकली. “बदरियाला घेऊन जा. पण हे मी तुमच्या शब्दावर म्हणत नाहीये. माझ्या डोळ्यांनी बघून आलोय म्हणून म्हणतोय.”

“तेवढं पुरे आहे,” बाई म्हणाल्या. खरे तर ते पुरेसे नव्हते, आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

गुरुवारी बस गेली. बदरिया सतरा नंबरच्या टाकीपुढे उभी राहिली आणि तिने पाठ केलेले सगळे सांगितले. शेवटी तिचा आवाज चिरकला. मी हे पर्समधून ऐकले. या वेळी मला कुणी उघडले नाही, आणि ते बरोबरच होते.

पण मित्रांनो, बसमध्ये एकवीस नव्हे, सोळा मुली होत्या. दोघींची घरे वर्षभरात कामासाठी दुसऱ्या गावी गेली होती. दोघींच्या बापांनी सरळ नाही म्हटले. पाचवी फातिन. कासवाची टाकी तिच्याकडे होती. तिची आई आजारी पडली आणि धाकट्या भावंडांसाठी तिने शाळा सोडली. पहिल्या मंगळवारी तिची आई धडधाकट होती. त्या दिवशी फाटक उघडे असते, तर फातिनने कासव पाहिले असते.

आता बाईंचे केस पांढरे झाले आहेत. मी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे, उताणा, सगळ्यांना दिसेल असा. नव्या शिक्षिका विचारतात, “बाई, हा जुना नकाशा कशाला ठेवलाय?” बाई दर वेळी सगळी गोष्ट सांगतात, पाइपसकट. दर वेळी मला काचेखाली लपायला जागा उरत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून एक विनंती करतो. तुमच्या घरात, दप्तरात, कपाटात माझ्यासारखे जुने कागद असतील. त्यांना जपा, पण त्यांच्यावर आंधळा भरवसा ठेवू नका. कुणाला कुठे न्यायचे असेल, तर निघण्याआधी एकदा विचारा. विचारणाऱ्याला लोक फार तर वेडा म्हणतात. आणि विचारूनही कधी चुकलात, तर फाटकापाशीच सांगून टाका. तिथे उभ्या असलेल्या मुलींना फक्त एक बंद दार दिसत असते. घरी नेलेले खोटे त्यांना स्वतःच्या हाताने लिहावे लागते.

बाजारात फातिन बाईंना कधी कधी भेटते. कडेवर मूल असते. ती हसून सलाम करते, तब्येत विचारते, भाजी महाग झाल्याचे बोलते. मत्स्यालयाचे नाव ती काढत नाही. बाईंनी दोनदा म्हटले, “फातिन, एकदा जाऊया गं, तू आणि मी, गुरुवारी.” ती म्हणाली, “हो बाई, जाऊ ना. या पोराचे दात येऊ देत.” त्या पोराला दात येऊन दोन वर्षे झाली.